चकतीमागची बोटं

“ह्यातलं अक्षर जरी आप्पाच्या कानावर गेलं ना ताई, तर आप्पा मला जित्ता सोडणार न्हाय,” नागेश म्हणाला.

आम्ही ओढ्याच्या काठावर पालथे पडलो होतो. समोरच्या दरडीत, बोरीच्या झुडपाआड एक बीळ होतं. माणसाचे खांदे जेमतेम जातील एवढं. त्याच्या तोंडाशी सकाळचं ऊन आलं होतं आणि त्या उन्हात लांडग्याची चार पिल्लं एकमेकांवर पडून झोपली होती. मातकट, बोथट नाकांची, दूध पिऊन पोटं तट्ट झालेली. त्यातलं एक जागं झालं आणि शेजारच्याचा कान तोंडात धरून ओढायला लागलं. माझ्या पाठीला झोळीत बांधलेली प्राची तेव्हा अकरा महिन्यांची होती आणि तीही अगदी तशीच माझे केस ओढत होती.

“आई कुठंय यांची?” मी विचारलं.

“बगतीया आपल्याकडं. तुमाला दिसायची न्हाय ती.”

फेब्रुवारी सत्त्याण्णव. सुप्याच्या माळावर चाळीस दिवसांचं शिबिर होतं, पुण्याच्या एका संस्थेनं भरवलेलं. माती घडवणारे, चित्रं काढणारे आणि माळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ, सगळ्यांनी एकत्र राहायचं, एकमेकांचं काम बघायचं आणि शेवटी आसपासच्या गावांना बोलावून दाखवायचं, अशी कल्पना. मी इंदापूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. माहेर कळंबचं, कुंभाराचं. अर्ज करताना वाटलं नव्हतं की बोलावतील. पत्र आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “लेकरू काखेत मारून रानात चिखल तुडवायला निघालीस होय? तो तर तुझा बाप फुकट शिकवत हुता.” पण प्राचीची दुपटी त्यांनीच घड्या घालून पिशवीत भरली.

माळावर मानसिंग सर होते. गवताचे नमुने घ्यायचे, माती तपासायची आणि लांडगे काय खातात ते शोधायला त्यांची वाळलेली विष्ठा गोळा करायची, हे त्यांचं काम. माग काढायला त्यांनी दोन वर्षांपासून नागेशला ठेवलं होतं. नागेश धनगराचा, बावीस वर्षांचा. घरची मेंढरं आता साठच उरली होती आणि गुडघे धरल्यामुळं त्याच्या आईला, सारजाबाईंना, चालवत नव्हतं, म्हणून त्या वर्षी त्यांचा वाडा चराईला कोकणात उतरला नव्हता. तो म्हणायचा, “आमच्या आज्यानं मेंढरं राखली, बापानं राखली. मी लांडग्याचा गू राखतोय. त्येचा पगार मिळतोय ही गंमत.”

बीळ सरांना माहीत होतं, नागेशला आणि आता मला. धनगरांना बीळ सापडलं की ते काय करतात हे माळावर सगळ्यांना ठाऊक असतं. तोंडाशी काटे पेटवतात, धूर आत कोंडतात, वर दगड रचतात. “अजून तीन आठवडं,” नागेश म्हणायचा. “मग पिल्लं आईमागं फिरायला लागतील. मग बीळ रिकामं. कुणाचं कुणाला घेणं न्हाय.” ते तीन आठवडे त्याला काढायचे होते. दिवसा सरांबरोबर हिंडायचा आणि संध्याकाळी त्याच आप्पाच्या, आपल्या बापाच्या, ताटात जेवायचा.

मला त्यानं बीळ दाखवलं ते माझ्या कामासाठी. सर पंजांचे ठसे प्लास्टरमध्ये घ्यायचे. मला वाटलं, मातीत उमटलेलं मातीनंच का उचलू नये? पाणवठ्याच्या ओल्या चिखलात पंजा सापडला की त्यावर राख भुरभुरायची, मळलेल्या मातीचा गोळा ठेवायचा आणि पाठीमागून बोटांनी दाबत जायचं. उचलला की चकती हातात येते, पुढच्या बाजूला पंजा उठून आलेला, मागच्या बाजूला दाबणाऱ्याच्या बोटांचे खळगे. माझे वडील असते तर म्हणाले असते, पाठ सारवून घे पोरी, पाठ न सारवता भांडं पुरं होत नाही. मी मुद्दाम सारवली नाही. एकीकडे लांडगा, दुसरीकडे माणूस. मला ते फार सुंदर वाटलं होतं.

बहुतेक चकत्या नागेशनंच दाबल्या. प्राची अंगावर असायची, मला वाकता यायचं नाही. त्याच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मधल्या पेरापासून नव्हतं, आणि त्याच जखमेनं करंगळीही आखडलेली. सात वर्षांचा असताना कडबाकुट्टीच्या यंत्रात हात गेला होता. त्यामुळं प्रत्येक चकतीच्या मागं दोन लांब खळगे, एक अर्धा आणि एक वाकडा.

चकत्या भाजायला आवा लावला त्या गुरुवारी रात्री वारा फिरला. शेणी आणि वेडी बाभूळ रचून वर राख लोटलेली, तरी एका कडेनं जाळ उसळायला लागला. एकटीला आवरेना. नागेशची मेंढरांच्या वाड्यावर राखणीची पाळी होती. “जातो जातो,” म्हणत तो पत्रे आडवे धरत राहिला. उजाडलं तेव्हा चकत्या बाहेर काढल्या. एकही फुटली नव्हती. तांबड्या, गरम, वाजवली की खणखणीत. तो खूष होऊन घरी गेला.

तासाभरात परत आला तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत रक्तानं चिकटली होती. कानशिलावर काठीचा वळ. “सर कुठं हायत?” एवढंच म्हणाला.

मी पण गेले. जायला नको होतं, पण गेले.

वाड्याची जाळी एका बाजूनं पडली होती आणि आत एकोणीस मेंढरं मेलेली होती. नरड्यातच धरलेली सगळी. एकाचीही मांडी खाल्लेली नव्हती. जाळीच्या कोपऱ्यात चेंगरून एकावर एक चढलेल्यांचे पाय अजून आकाशाकडं. एक मेंढी उभी होती. तिचं पोट फाटून आतडी खाली लोंबत होती आणि ती त्यांच्यावर पाय देत वैरणीकडं जायला बघत होती. आप्पानं, नागेशच्या वडिलांनी, तिचं तोंड मांडीशी धरलं आणि कोयत्यानं तिला मोकळं केलं. मग कोयता तिच्याच लोकरीला पुसला. चेहऱ्यावर काही नाही. सारजाबाई आई मेलेलं कोकरू मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ते त्यांच्या पदराला चोखत होतं. ते ओरडलं तसा माझ्या छातीला पान्हा फुटला, पोलकं भिजलं. मी पदर ओढून घेतला आणि प्राचीचं तोंड दुसरीकडं वळवलं.

मानसिंग सर हळू आवाजात सांगायला लागले की मेंढरं जाळीत अडकून धावायला लागली की लांडग्याला थांबता येत नाही, धावणारं दिसलं की तो मारतच सुटतो, भुकेचा त्यात संबंध नसतो.

“आसंल,” आप्पा म्हणाला. “तुमच्यापाशी ऱ्हाऊन शिकलेलं दिसतंय. आमच्या आडाणी लांडग्यानं एक नेलं आसतं, खाल्लं आसतं, झोपलं आसतं.”

 आप्पाचे दोन पुतणे मेलेली मेंढरं ओढत होते, ते थांबले. कारण आप्पा नागेशकडं वळला होता.

“तुझं काम माग काढायचं. व्हय का न्हाय?”

“व्हय.”

“मग सांग. बीळ कुठं हाय?”

नागेशनं सरांकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. “बीळ न्हाय आप्पा. भटकं हाय ते. नीरेपल्याडनं आलं आसंल.”

“आईची शपथ घे.”

सारजाबाईंनी मान वर केली. नागेश त्यांच्याजवळ गेला आणि रक्तानं भरलेला हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. “आईची शपथ,” म्हणाला.

परत येताना तो मला म्हणाला, “एकोणीस मेली ती माझ्यामुळं मेली. पाळी माझी हुती. त्यात पिल्लांचा काय दोष?” शिबिराची छपरी दिसायला लागली. मग म्हणाला, “ताई, आता फक्त तुमच्या आन् सरांच्या हातात हाय.”

रविवारी लोकांना बोलावलेलं. सर म्हणत होते, चकत्या छपरीत टेबलावर मांडा, शेजारी नकाशा नको, गावाचं नाव नको. मला ते पटेना. टेबलावर मांडलेला पंजा म्हणजे नुसतं खापर. तो जमिनीवर हवा, चालत बघायला हवा. शेवटी सर म्हणाले, “ठीक आहे, पण ओढ्याच्या पुढं एकही नाही.” बीळ ओढ्याच्या वरच्या अंगाला, पाऊण मैल लांब. मी ओढ्याच्या अलीकडं थांबले. मला वाटलं, मी फार काळजी घेतली.

पाणवठ्यापासून मांडत गेले. आधी मोठे पंजे, एकामागं एक, लांडगी चालते तसे सरळ रेषेत. आणि शेवटी ओढ्याच्या काठावर चार लहान चकत्या ठेवल्या, पिल्लांच्या, नागेशनं बिळापाशी घेतलेल्या. प्राचीच्या मुठीएवढ्या. एवढं उन्हातून चालत आलेल्या माणसाला अखेरीला काहीतरी कोवळं दिसावं, असं मनात होतं. नागेश तेव्हा सुप्याच्या स्टँडवर लोकांना आणायला गेला होता. त्यानं ती मांडणी बघितलीच नाही.

दहाच्या सुमाराला सारजाबाई आल्या, एकट्याच. मेंढरांना तीन दिवसही झाले नव्हते, मला वाटलं नव्हतं त्या येतील. “पोरगं काय करतंय ते बगावं म्हणलं,” म्हणाल्या. गुडघ्यावर हात देत देत सगळी रेषा चालत आल्या. शेवटच्या चार चकत्यांपाशी खाली बसल्या.

“बाई, ही पिल्लाची हायती?”

“हो.”

“कवाची?”

“आठवडा झाला असेल.”

हे मी म्हणाले. माझ्या तोंडानं. एक आई दुसऱ्या आईला लेकराचं वय विचारते तसं विचारलं त्यांनी आणि मी तसंच सांगितलं.

त्यांनी एक चकती उचलली, उलटी केली. मागच्या खळग्यांत आपली बोटं घालून बघितली. पहिलं बसलं, दुसरं बसलं. तिसरं मध्येच अडलं. त्या तशाच बसून राहिल्या. प्राची रांगत त्यांच्यापाशी गेली आणि त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, तर त्यांनी दुसऱ्या हातानं तिला सावरलं, पडू दिलं नाही. मग चकती पदरानं पुसली.

“ही नेऊ का मी?”

“न्या की,” मी म्हणाले. मला आनंद झाला. शिबिरात पहिल्यांदा कुणीतरी काही मागून घेतलं होतं.

साडेअकराला नागेश माणसं घेऊन आला. ओढ्यापाशी पोचला आणि उरलेल्या तीन चकत्यांकडं बघून उभाच राहिला.

“पिल्लांची कशाला मांडली?”

“का? ओढ्याच्या अलीकडंच—”

“ताई, पिल्लं हायती म्हणल्यावर बीळ आलंच की. भटक्याला पिल्लं कुठली? आन् पंजांची तोंडं बगा कुठं हायती.” मी बघितलं. सगळे पंजे ओढ्याच्या वरच्या अंगाकडं तोंड करून होते. जसे उमटले होते तसेच मी इमानदारीनं मांडले होते. “चौथी कुठंय?”

“तुझ्या आईला दिली.”

त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो पळत सुटला.

मी सरांना निरोप धाडला आणि प्राचीला कडेवर मारून त्याच्या मागं गेले. ओढा कोरडा, गोट्यांचा. दोनदा पडले. दुसऱ्यांदा प्राचीचं कपाळ दगडाला लागता लागता राहिलं आणि तरी मी थांबले नाही. 

पोचले तेव्हा नागेश जमिनीवर होता. दोन्ही पुतणे टिकाव टाकून त्याला लाथा घालत होते. ओरडत नव्हते, शिव्या नव्हत्या, नुसता धापांचा आवाज आणि लाथ बसली की पोत्यावर बसावी तसा आवाज. उजवं मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. आप्पा काठी टेकून उभा होता, बाजूला सारजाबाई. बिळाचं तोंड काट्यांनी भरलेलं. पलीकडच्या टेकाडावर, पार लांब, लांडगी उभी होती. या खेपेला मलाही दिसली.

“त्याला सोडा,” मी म्हणाले. “बीळ मी शोधलं. मी एकटीनं माग काढला. नागेशला काहीच माहीत नव्हतं.”

पुतणे थांबले. आप्पा माझ्याकडं, माझ्या कडेवरच्या प्राचीकडं बघत राहिला. ते खरं असावं असं त्याला वाटत होतं. मला दिसलं ते. त्याच्या हातातली काठी जरा सैल झाली.

सारजाबाईंनी ओटीतून चकती काढली आणि आप्पाच्या हातात उलटी ठेवली.  आप्पानं आपला अंगठा त्या अर्ध्या खळग्यात फिरवला. पोराचं बोट यंत्रात गेलं तेव्हा त्याला खांद्यावर टाकून सुप्याच्या दवाखान्यात हाच माणूस पळाला होता. नागेशनंच मला सांगितलं होतं.

“परक्या बाईला दावलंस,” आप्पा म्हणाला. आवाज अगदी बारीक. “आन् आईच्या डोक्यावर हात ठिवून मला न्हाय म्हणलास.”

“पिल्लं हायती आप्पा.”

“मेंढरं काय हुती मग?”

नागेश कोपरावर रेटत बिळाच्या तोंडाकडं सरकला.

“जा. आत जा. तूच काढ बाहीर. तुझ्या हातानं दे माझ्या हातात.”

पुतण्यांनी काटे बाजूला केले. नागेश एका हातावर सरपटत बिळात गेला. डोकं, खांदे, कंबर. पायातल्या चपला तेवढ्या बाहेर दिसत राहिल्या. आम्ही वाट बघत होतो. आतून पिल्लांचं कुंईकुंई ऐकू आलं, मग तेही थांबलं.

“काढ,” आप्पा म्हणाला.

आतून आवाज आला, मातीतून आल्यासारखा. “न्हाय देत.”

आप्पानं काडी ओढली. मला कळायच्या आत काटे पेटले होते. “धूर लागला की यितंय बाहीर,” तो म्हणाला, स्वतःलाच सांगितल्यासारखं. पुतण्यांनी हिरवा पाला टाकला. पिवळा दाट धूर जमिनीलगत वळला आणि बिळात ओढला गेला. चपला हलल्या. मागं सरकायला लागल्या, एक वीत, दोन विती, आणि थांबल्या. पुढं जायला बीळ होतं, उलटं फिरायला जागा नव्हती. मोडलेल्या हातानं त्याला मागं रेटता येत नव्हतं. आत खोकला. मग खोकला नाही. पाय जमिनीवर आपटायला लागले.

“आप्पा, त्येला यिता यीना झालंय,” एक पुतण्या म्हणाला.

आप्पा हलला नाही. रागानं नव्हे. त्याचं अंगच थिजलं होतं, काठी हातात तशीच. सारजाबाईंनी काठी धरून त्याला ढकललं तर तो बसला खाली.

मी प्राचीला सारजाबाईंच्या अंगावर टाकलं. “धरा हिला.” आणि जळते काटे हातांनी ओढायला लागले. माझ्या तळहातांना आव्याची सवय होती, तरी कातडी सुटली. एका पुतण्यानं एक पाय धरला, मी दुसरा. ओढलं तर त्याचा सदरा वर सरकला आणि पोटाची कातडी मुरमावर सोलत आली. दोनदा ओढलं. तिसऱ्यांदा दरडीची माती पडली आणि तो एकदम बाहेर आला. तोंड काळं, डोळे उघडे, डाव्या हातानं सदऱ्यात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरलेलं.

सारजाबाई प्राचीला कडेवर तशीच धरून त्याच्या छातीवर मुठीनं मारत होत्या. एक, दोन, तीन. मारताना प्राचीला हिसके बसत होते, पण ती रडत नव्हती, टक लावून बघत होती. पाचव्या बुक्कीला नागेशनं श्वास घेतला. तो आवाज मी कधी विसरणार नाही. प्राची जन्मली तेव्हा तिचा पहिला श्वासही असाच उशिरा आला होता.

सदऱ्यातून पिल्लं गळून पडली. दोन मेली होती. दोन जिवंत, धुरानं आंधळी, एकमेकांवर चढत. आप्पा उठला. त्यानं काठी उलटी धरली, जाड बाजू खाली. मी त्याच्याकडं बघितलं आणि मला वाटलं, हा आता नाही मारणार. त्यानं मारलं. दोन्ही, एकेका फटक्यात, मेंढी मोकळी केली होती तशीच, नेमकं, वेळ न लावता. मग चारही पिल्लं एकापुढं एक ठेवली आणि त्यांच्यावर आपलं मुंडासं सोडून झाकलं. का झाकलं ते मला विचारू नका.

टेकाडावर लांडगी नव्हती.

दुसऱ्या दिवशी बारामतीच्या दवाखान्यात नागेशच्या खाटेशी वनरक्षक आला. बरोबर मानसिंग सर. नागेशचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये, डावा हात भाजलेला, बांधलेला. मी माझ्या पट्ट्या बदलायला आले होते. प्राची माझ्या मांडीवर बसून माझ्या बँडेजचं टोक सोडवत होती. आप्पा दाराबाहेर बाकावर होता, डोकं उघडं. आत आला नव्हता.

“लांडगा मारणं म्हणजे वाघ मारल्यासारखाच गुन्हा आहे,” वनरक्षक म्हणाला. तो भला माणूस होता, हळू बोलत होता. “चार पिल्लं. तुरुंग आहे याला. मला फक्त नाव हवंय. मानसिंग सरांनी तुझ्या वडिलांचं नाव घेतलंय, पण सर पोचले तेव्हा सगळं झालेलं होतं. त्यांनी बघितलं नाही. तू बघितलंस.”

नागेशचा घसा धुरानं गेला होता. “मी मारली,” तो कुजबुजला.

“नागेश,” सर म्हणाले.

“एकोणीस मेंढरं गेली माझी. राग आला. मीच बिळाला जाळ लावला, मीच काठी घातली. बीळ मलाच ठावं हुतं. दुसऱ्या कुणाला कसं ठावं आसंल?”

“मग तूच आत कसा अडकलास? हात कसा मोडला?”

“दरड पडली.”

सरांचा चेहरा मी बघू शकले नाही. दोन वर्षं ते या पोराला बरोबर घेऊन हिंडले होते. गवताची इंग्रजी नावं त्याला पाठ झाली होती आणि सर पाहुण्यांसमोर त्याच्याकडून ती म्हणवून घ्यायचे. आता हे लिहून झालं की तो कुठल्याही माळावर, कुठल्याही सरांबरोबर परत काम करणार नव्हता. त्याला ते आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

वनरक्षक माझ्याकडं वळला. “बाई, तुम्ही होता तिथं. हा खरं बोलतोय का?”

दारातून आप्पा दिसत होता. तो आमच्याकडं बघत नव्हता. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोरच्या भिंतीकडं बघत होता, पण त्याची मान ऐकणाऱ्या माणसाची होती. नागेशनं माझ्याकडं बघितलं. डोळे अजून लाल होते. सांगा म्हणून नव्हे, सांगू नका म्हणूनही नव्हे. तुम्ही माझं एवढं वाटोळं केलंत, आता हे एवढं तरी मला माझ्या मनासारखं करू द्या, असं काहीतरी.

“हो,” मी म्हणाले. “त्यानंच मारली.”

वनरक्षकानं लिहून घेतलं. मी खाली सही केली, बँडेजमधून निघालेल्या दोन बोटांनी. सर उठले. खाटेच्या दांडीला हात लावून एक क्षण उभे राहिले आणि गेले. त्यांच्या पायांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला.

मग आप्पा आत आला. त्याच्याकडं फडक्यात बांधलेली भाकरी होती, सारजाबाईंनी दिलेली, वर लसणाची चटणी. खाटेच्या कडेवर बसला. गाठ सुटेना, दातांनी सोडवली.

“जेवलास का?”

 नागेशला स्वतःच्या हातांनी खाता येण्यासारखं नव्हतं. आप्पानं तुकडा मोडला, चटणीला लावला आणि त्याच्या तोंडाशी धरला. नागेशनं तोंड उघडलं नाही. बापाकडं बघत राहिला. आप्पाचा हात तसाच पुढं, मागं येईना. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी वळून बघायला लागली.

“खा,” आप्पा म्हणाला. “तुझ्या आईनं केलीया.”

मी प्राचीला उचललं आणि बाहेर गेले. जाताना वळून बघितलं तेव्हाही घास तिथंच होता.